शनिवार ते मंगळवार

आमच्या सोसायटीत विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. तसा काही नियम नाही. विचारलं तर महिला मंडळातल्या बायका कानाला हात लावतील आणि म्हणतील, छे, आम्ही असलं काही मानत नाही. फक्त आमंत्रण द्यायला निघालेल्या दोघीतिघी माझ्या दारापाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबतं आणि पाय भराभर पडायला लागतात. पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी राग आला. त्यानंतर मी त्या संध्याकाळी मुद्दाम वाटण करायला घ्यायचे आणि मिक्सर मोठ्यानं फिरवायचे, म्हणजे जिन्यातलं हसणं आत येत नसे.

नवरा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो तळोज्याला एका केमिकल कंपनीत होता. कंपनीनं मला डिस्पॅचच्या ऑफिसात घेतलं आणि जुईनगरचं घर आमचंच होतं, म्हणून आम्ही तरलो. आम्ही म्हणजे सासूबाई, मी आणि मुलगी. मुलगी तेव्हा शाळेत होती, आता नेरूळला कॉलेजात जाते. लोक माझ्याशी बोलताना आवाज मऊ करतात. मला त्या मऊ आवाजाची चीड आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं माझ्याशी कुणी बोलायला लागलं की मी हटकून काहीतरी तिरकस बोलते आणि मग लोक म्हणतात, दुःखानं स्वभाव कडू झाला बिचारीचा. स्वभाव आधीपासूनच कडू होता. नवऱ्याला विचारा म्हटलं असतं, पण तो नाही.

एका संक्रांतीला मंडळाच्या डोक्यात सुधारणा शिरली. नुसतं वाण लुटण्याऐवजी नेरूळच्या एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय होता स्त्रियांचं आरोग्य. दुसऱ्या दिवशी शेजारीण तिळगूळ आणि वाणातला प्लास्टिकचा डबा घेऊन माझ्याकडे आली. ती मनानं वाईट नाही. नवरा हॉस्पिटलात होता तेव्हा माझ्या मुलीला हिनंच जेवू घातलं होतं. डबा ओट्यावर ठेवत ती हसायलाच लागली.

"अगं, काय सांगू तुला, ती बाई काय वाट्टेल ते बोलत होती! दिवस राहू नयेत म्हणून नंतर घ्यायची गोळी असते म्हणे. आता आमच्यातल्या अर्ध्या जणींची ऑपरेशनं झालेली. नुसत्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पोरींना आधीच बाहेर काढलं ते बरं झालं."

"नंतर म्हणजे?" मी विचारलं.

"नंतर म्हणजे काही गडबड झाली तर. किती दिवसांत घ्यायची तेपण सांगत होती, पण माझं लक्ष इडल्यांकडे. केटररनं कमी आणल्या होत्या ना." मग माझ्याकडे बघून तिनं आवाज मऊ केला. "तुला काय टेन्शन याचं? तू सुटलीस."

मी चाळिशीच्या अलीकडे होते. मला दर महिन्याला पाळी येत होती, पाठ दुखत होती, सणावाराला ती आली की सासूबाई अजूनही देवाजवळ जाऊ देत नव्हत्या. पण सगळ्या सोसायटीच्या लेखी माझं शरीर नवऱ्याबरोबर वाशीच्या स्मशानात जाऊन आलं होतं. मी तिला तिळगुळाची वाटी परत दिली आणि दार लावून घेतलं.

शेजारणीला माहीत नव्हतं आणि कुणालाच माहीत नव्हतं, की मी सुटलेले नव्हते. कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक जण बसायचा. आमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये होता, घटस्फोट झालेला, कामोठ्याला एकटा राहायचा. पावसाळ्यात बसची खिडकी गळायची म्हणून त्यानं एकदा मला त्याची जागा दिली आणि स्वतः गळक्या खिडकीशी बसला. एवढ्याशा गोष्टीनं माणूस आवडतो का, तर आवडतो. नवरा गेल्यापासून कुणी माझ्यासाठी जागा बदलली नव्हती. पुढे शनिवारी हाफ डे सुटला की मी कधीकधी त्याच्या घरी जायला लागले. घरी सांगायचे, महिनाअखेर आहे, काम जास्त आहे. महिनाअखेर आमच्याकडे महिन्यातून दोनदा येऊ लागली, पण सासूबाईंनी कधी विचारलं नाही. मला त्या घरात बरं वाटायचं. तो चहा करायचा, मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसायचे आणि कुणाची बायको, आई, सून असं काही नसायचे. याची मला लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

संक्रांतीनंतर दोनेक महिन्यांनी, असाच एक शनिवार. आम्ही काळजी घेत होतो, पण त्या दिवशी निरोध फाटला. दोघांच्याही लक्षात आलं तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "एकदा झाल्यानं काही होत नाही." पुरुषांना हे ज्ञान कुठून मिळतं देव जाणे. मी साडी नेसताना शेजारीण काय म्हणाली ते आठवत होते. नंतर घ्यायची गोळी असते. किती दिवसांत ते मात्र इडल्यांत गेलं होतं.

बसस्टॉपवर उभी राहून मी फोनवर शोधलं. पानंच्या पानं आली. कुठे गर्भ पाडायच्या गोळ्या, कुठे रोजच्या, कुठे कसलं कसलं तेल. या सगळ्यांतून मला इतकं कळलं, की ती गोळी तीन दिवसांच्या आत घ्यायची असते. मला हायसं वाटलं. तीन दिवस म्हणजे मंगळवारपर्यंत वेळ आहे. लाइटबिलाच्या शेवटच्या तारखेसारखं मी ते समजले. तारखेच्या आत कधीही भरलं तरी चालतं, दंड नाही.

ती गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, हेही वाचलं होतं. आमच्या सेक्टरात घरासमोरच मेडिकल आहे. आता त्या मेडिकलची गोष्ट अशी, की त्याचा मालक माझ्या नवऱ्याचा मित्र. दुसऱ्या लाटेत लोक इंजेक्शनसाठी पनवेलपासून ठाण्यापर्यंत वणवण फिरत होते, तेव्हा या माणसानं कुठून कुठून फोन करून आम्हाला दोन मिळवून दिली होती. त्यांचा उपयोग झाला नाही, पण त्याचे उपकार आहेत. तो मला वहिनी म्हणतो. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तो न सांगता काढून ठेवतो.

रविवारी सकाळी मी तिथे गेले. काउंटरवर तिघंचौघं होते. मी बाजूला उभी राहून खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या वाचत राहिले. ते गेले, तर अजून दोघं आले. त्यातला एक आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. शेवटी मालकानंच मला पाहिलं आणि लांबूनच ओरडला, "वहिनी, तुम्ही का उभ्या राहिलात? आजींच्या गोळ्या ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते? या माणसानं माझ्या नवऱ्याला खांदा दिला होता. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडानं ते नाव घेणार? मी पाकीट घेऊन घरी आले. सासूबाईंनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, मागच्या हायत की अजून. म्हातारी लवकर मरायची न्हाई असं दिसतंय तुला." त्यांनी ते हसत म्हटलं. मला रडू आलं आणि मी कांदा कापायला घेतला.

कुणी म्हणेल, मोबाइलवरून मागवायचं, आता तर दहा मिनिटांत दारात येतं. येतं ना. पण दारात येण्याआधी ते गेटवर येतं. आमच्या सोसायटीचं गेटचं अ‍ॅप मुलीच्या फोनवर आहे. कोण आलं, कुठून आलं, ते तिला कळतं आणि तिनं हो म्हटल्याशिवाय वॉचमन वर सोडत नाही. वर आलेलं पार्सल सासूबाई घेतात आणि कात्री घेऊन बसतात. पार्सल उघडणं हा त्यांचा एकच विरंगुळा आहे. तीन बायकांच्या घरात कुणाला काही लपवता येत नाही, म्हणून जे लपवायचं ते घराबाहेरच ठेवावं लागतं.

मी त्याला मेसेज केला. तू पुरुष आहेस, तुला कोण काय विचारणार, कामोठ्याला विचार. त्यानं बरं म्हटलं. सोमवारी बसमध्ये तो माझ्या मागेच बसला होता आणि मी मान वळवू शकत नव्हते. तळोजा जवळ आलं तेव्हा फोनवर मेसेज आला. विचारलं, चिठ्ठी लागते म्हणाला. संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि म्हटलं, चिठ्ठी लागत नाही, मी वाचलंय, दुसरीकडे विचार. तो म्हणाला, "अगं, मेडिकलवाल्याला जास्त कळतं की तुला? उगाच साइड इफेक्ट व्हायचे. टेन्शन नको घेऊस." त्याच्या आवाजात सुटका होती. कुणीतरी नाही म्हटलं याचा त्याला आनंद झाला होता. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला, की मी मध्येच फोन ठेवला. राग आला आणि त्याच वेळी तो मला आवडतही होता, हे आणखी वाईट.

राहिला मंगळवार. शेजारणीनं सांगितलेल्या त्या नेरूळच्या डॉक्टरीणबाई मला आठवल्या. सगळ्या बायकांसमोर जी हे बोलू शकते ती माझ्याशीही बोलेल, एवढाच माझा हिशेब. दवाखान्याचं नाव मी शेजारणीकडून सासूबाईंच्या गुडघ्यांचं निमित्त काढून विचारून घेतलं. ती म्हणाली, "ती बायकांची डॉक्टर आहे गं, गुडघ्यांची नाही." पण नाव सांगितलं.

मंगळवारी सकाळी मी कपाट उघडलं आणि आतल्या कप्प्यातून माझं मंगळसूत्र काढलं. नवरा गेल्यापासून ते तिथेच होतं. मुलीच्या लग्नात मोडून तिला काहीतरी करायचं असं ठरलेलं. मी ते रुमालात बांधून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. दुपारी कंपनीतून सुट्टी घेऊन नेरूळला उतरले. स्टेशनजवळच्या एका दुकानात ड्रेस बघायचं निमित्त केलं आणि ट्रायल रूममध्ये जाऊन ते गळ्यात घातलं. आरशात पाहिलं. किती वर्षांनी मी पुन्हा कुणाची तरी बायको दिसत होते. ज्याच्या नावाचं होतं तो गेला होता आणि ज्याच्यामुळे घालायची वेळ आली होती तो तळोज्याच्या लॅबमध्ये निवांत होता. मला नवऱ्याची इतकी आठवण आली, की तिथल्या स्टुलावर बसावंसं वाटलं. बाहेरून दुकानातली मुलगी दार वाजवायला लागली, म्हणून निघाले.

मंगळसूत्राचा उपयोग झाला नाही असं नाही. वाटेत एका मेडिकलमध्ये मी धीर करून विचारलं. काउंटरवरच्या माणसानं आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग अगदी आदरानं म्हणाला, "आम्ही ठेवत नाही मॅडम. कॉलेजची पोरं येतात, कटकट होते. मिस्टरांना घेऊन डॉक्टरकडे जा ना." गळ्यात काही नसतं तर हा कसा बोलला असता, ते मी मनात बोलून पाहिलं आणि पुढे चालू लागले.

दवाखान्यात गर्दी होती. सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आया. दाराशी बसलेल्या मावशी इथल्याच जुन्या गावातल्या होत्या, बोलण्यावरून कळत होतं. "बस गो बाय. एकलीच आलीस? सोबत कोन नाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. मी घडाघडा सांगून टाकलं. निरोध फाटला, शनिवारी, गोळी मिळाली नाही. त्यांनी कपाळावर हात मारला नाही की लेक्चर दिलं नाही. फक्त विचारलं, "शनिवारी किती वाजता?" मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अजून देता येईल. पण तीन दिवस आहेत म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं असं नसतं. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. पहिल्याच दिवशी घेतली असती तर मी निर्धास्त असते." मग म्हणाल्या, "तांबी बसवता येईल. पाच दिवसांपर्यंत चालते आणि गोळीपेक्षा जास्त खात्रीची. बसवू का?"

तांबी म्हणजे तपासायला परत यायचं, दुखलंखुपलं तर घरी सांगायचं. मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. गोळी दिली, तिथेच पाणी दिलं. ही गर्भ पाडायची गोळी नाही, गर्भ राहू नये म्हणून आहे, राहिलेला असेल तर हिनं काही होत नाही, हे समजावलं. पाळी आठवडाभर जरी लांबली तरी तपासणी करायची, हेही सांगितलं. आणि मग माझा पत्ता लिहून घेताना एकदम थांबल्या.

"जुईनगर? या सोसायटीत तर मी संक्रांतीला येऊन गेले. हेच सगळं सांगितलं होतं की. तुम्ही नव्हता का?"

"मला बोलावत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. आधी तोंडाकडे, मग मंगळसूत्राकडे. मग पुन्हा तोंडाकडे. त्यांना सगळं कळलं आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समोर बसलेल्या निम्म्या बायकांना माझ्या बोलण्याची गरज नव्हती," त्या म्हणाल्या, "मला ते तेव्हाच दिसत होतं." एवढंच. मग त्यांनी बेल वाजवून पुढच्या बाईला आत बोलावलं.

परत जाताना मी स्टेशनच्या पुलावर उभी राहून मंगळसूत्र काढलं. त्याची तार केसांत अडकली आणि काढताना दोन मणी ओघळले. ते शोधायला मी वाकलेसुद्धा नाही.

पाळी आली नाही. लांबली असेल म्हणून मी थांबले, मग पनवेलहून तपासणीची पट्टी आणून कंपनीच्या बाथरूममध्ये तपासलं. दोन रेघा दिसल्या. मला आधी काही वाटलंच नाही. मी हात धुतले, बाहेर येऊन तीन ट्रकचे कागद पुरे केले आणि मग पाणी प्यायला गेले तर ग्लास हातातून सुटला.

पुन्हा तोच दवाखाना, या वेळी बोडक्या गळ्यानं. गर्भपाताच्या कागदावर पतीची सही अशी एक ओळ होती. मी पेन धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी ती ओळ स्वतः खोडली. "याला फक्त तुमची सही लागते. लग्न झालेलं असो, नसो, नवरा असो, नसो. तुम्ही सज्ञान आहात, बास." लवकर आले होते म्हणून गोळ्यांवर भागेल म्हणाल्या. ते सगळं कायद्यानं होतं, त्यांच्या देखरेखीखाली होतं, मला कुणी अपमानास्पद बोललं नाही. तरी ते दोन दिवस मी विसरणार नाही. घरातल्या एकुलत्या एका बाथरूममध्ये नळ सोडून बसायचं, म्हणजे कण्हणं बाहेर जात नाही. एक छोटी गोळी शनिवारी संध्याकाळी समोरच्या दुकानातून घेऊन पाण्याबरोबर गिळता आली असती. त्याऐवजी हे. मला कुणाकुणाचा राग आला त्याची यादी करत मी तिथे बसले होते आणि त्या यादीत घरासमोरचा मेडिकलवाला नव्हता. तो बिचारा काय, त्यानं तर माझ्या भल्याचंच विचारलं होतं.

सासूबाईंना मी सांगितलं, पाळी फार गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुडघे धरत धरत ओट्यापाशी उभं राहून अळिवाची खीर केली. ती बाळंतिणीला देतात. पाळी जास्त गेली म्हणून कुणी करत नाही. वाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "खा. कंबर धरून ठेवती." त्यांना कळलं होतं. त्यांनी ना शिव्या दिल्या ना जवळ घेतलं. खीर चार दिवस केली आणि त्यानंतर दर शनिवारी मला यायला उशीर होणार का, हे न चुकता विचारायला लागल्या. आजही विचारतात. मी दर वेळी नाही म्हणते.

आणि नाहीच होत उशीर. त्याला मी सांगितलं तेव्हा तो खूप हळहळला. मला आधी का नाही सांगितलंस, मी आलो असतो बरोबर, असं म्हणाला. पण त्यानंतर त्याला शनिवारी काही ना काही काम निघायला लागलं. पुढे त्यानं मोटरसायकल घेतली आणि बस सोडली. माझ्या मागच्या सीटवर आता पॅकिंगमधली एक मुलगी बसते आणि मोठ्यानं रील बघते. मला तो अजून आठवतो. हे लिहितानाही आठवतोय आणि त्याबद्दल मला स्वतःचीच चीड येते.

त्या काळात शेजारणीनं माझा उतरलेला चेहरा पाहिला होता. सासूबाईंनीच तिला पाळीचं सांगितलं असावं. पुढच्या संक्रांतीला ती चक्क आमंत्रण घेऊन आली. "यंदा तूपण यायचंच. मी मंडळात भांडले तुझ्यासाठी. यंदाचा विषय पाळी जाण्याचा आहे, त्या वयातल्या तक्रारी वगैरे. तुझ्या कामाचा आहे." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला वाटत होतं ती माझ्यासाठी एक मोठी गोष्ट करत होती, आणि तशी ती करतही होती.

मी म्हटलं, "गेल्या वर्षीचा विषय पुन्हा ठेवा. आणि कॉलेजच्या पोरींना बसवा समोर."

"वेडी का तू? त्यांच्या आया मारतील मला. आणि त्यांना कशाला आत्तापासून नको ते?"

"तुम्हाला तरी त्याचा उपयोग होता का?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, तुला बरं नाही वाटत आहे का. मी दार लावलं.

पण त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. पोरींना बाहेर काढलं ते बरं झालं, असं शेजारीण म्हणाली होती. त्या बाहेर काढलेल्या पोरींमध्ये माझीही होती; मला बोलावत नसले तरी ती मैत्रिणींबरोबर गेली होती. मंडळात जाऊन भांडायची माझी ताकद नव्हती, पण एका पोरीला सांगायला मंडळ कशाला लागतं? तरी मला धीर यायला दोन आठवडे लागले. शरीराबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. पाळीच्या पॅडलासुद्धा आम्ही 'ते' म्हणतो.

एका रविवारी सकाळी सासूबाई खाली उन्हात बसायला गेल्या होत्या. मी आणि मुलगी मेथी निवडत होतो. मी तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. टीव्हीवर दाखवत होते, असं खोटं सांगितलं. म्हटलं, एक गोळी असते, संबंध आल्यावर दिवस राहू नयेत म्हणून. मेडिकलमध्ये मिळते, चिठ्ठी लागत नाही. कुणी लागते म्हणालं तर दुसऱ्या दुकानात जायचं, तिथंही नाही म्हणाला तर तिसऱ्या. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती गर्भ पाडायची गोळी नाही. रोज घ्यायची नाही, अडीनडीला घ्यायची. तीन दिवसांची मुदत असते, पण तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. कळलं की लगेच. लाजायचं नाही, ओळखीचा माणूस असला तरी लाजायचं नाही, मंगळसूत्र बिंगळसूत्र काही लागत नाही, घड्याळ चालू झालेलं असतं. आणि तरी पाळी आली नाही तर गप्प बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, सही फक्त आपली लागते.

मी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज चढला होता आणि मी मेथीची पानं टाकून काड्या पातेल्यात ठेवत होते. मला वाटलं ती हसेल, किंवा म्हणेल, आई, शी, काय बोलतेस, मला माहीत आहे हे सगळं. पण तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि पातेल्यातल्या काड्या एकेक करून बाहेर काढायला लागली.

मग खाली बघूनच तिनं विचारलं, "तुला मिळाली होती का, आई?"

"मिळाली," मी म्हटलं. "मंगळवारी."